शमुवेल मास्तरांची खोदाई

"काय मास्तर, बरं आहे ना?" असं शमुवेल मास्तरांना विचारलं की अर्धा तास गेलाच. तब्येत राहायची बाजूला, मास्तर हिब्रूतला 'कारा' हा धातू काढायचे. "कारा म्हणजे खणणं. विहीर खणा, कबर खणा, दुसऱ्यासाठी खड्डा खणा, धातू तोच. विकत घेण्यालाही तोच, मेजवानीलाही तोच. एका स्तोत्रात तर देव माणसाचे कान खणतो, बोला!" बोलायला मात्र ते कोणाला जागा ठेवत नसत.

श्रीरामपूरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर एक जुना शब्दकोश घेऊन ते घरीच हिब्रू शिकले. त्यांची चूक काढेल असं आमच्या चर्चच्या मंडळीत कोणी नव्हतं, पाळकसुद्धा नव्हते. मी मंडळीचा सेक्रेटरी, मीही मान डोलवायचो.

चर्चच्या कंपाउंडात बारा घरं आणि उन्हाळाभर टँकरची वाट. शेवटी बोअर घ्यायचं ठरलं. आम्ही पंचांनी तळहातावर नारळ घेऊन फिरणारा पाणाडी बोलावला, तोही सोमवारी, म्हणजे देवाचं लक्ष नसताना. मास्तरांनी त्याला गेटावरूनच परत धाडला आणि चर्चबाहेर, वेदीच्या भिंतीमागची जागा स्वतः दाखवली. का, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही.

त्यांच्या बायको रूथबाई विहिरी खणणाऱ्याची लेक. त्या म्हणाल्या, "अहो, तिथं कातळ हाय. गेटापाशी बघा, भर उन्हाळ्यात हरळी हिरवीगार ऱ्हाती."

"अगं, आधी धातू समजून घे," मास्तर म्हणाले.

चारशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. दुसऱ्या बोअरची मंडळीची ऐपत नव्हती. बायका पुन्हा हंडे घेऊन टँकरमागे धावू लागल्या, त्यांत रूथबाईही होत्या. त्या मास्तरांना एका शब्दानेही बोलल्या नाहीत. मला वाटतं, मास्तरांना तेच लागलं.

पुढच्या रविवारी ते वेदीपाशी उभे राहिले. आम्ही घड्याळं काढून बसलो. "बाईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही," एवढंच बोलून ते खाली बसले.

सोमवारी सत्तरीचा हा माणूस टिकाव घेऊन गेटापाशी हजर. मग आम्हालाही घरात बसवेना. पंधरा दिवस आळीपाळीनं खणलं. वीस फुटांवरही पाणी नव्हतं, पंच कुरकुरू लागले. मास्तरांनी मातीचं ढेकूळ रूथबाईंपुढे धरलं आणि विचारलं, "काय करावं?" इतक्या वर्षांत मास्तरांनी कोणाला काही विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

बाईंनी ढेकूळ गालाला लावलं. "गार हाय. खणा."

तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. मास्तर आता नाहीत. पण त्यानंतर ते चार वर्षं जगले, आणि कोणी "बरं आहे ना?" विचारलं तर म्हणायचे, "बरं आहे. तुमचं सांगा."