काकूंचा शेजारी

श्रूजबरीत आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहणारी नर्स मूळची रवांडाची. तिथल्या वंशसंहारात तिचे वडील आणि थोरला भाऊ मारले गेले. ती आणि तिची आई कशाबशा वाचल्या. गेल्या वर्षी आई तिच्याकडे राहायला आली आणि मी त्यांना सरळ काकू म्हणायला लागले.

पहिल्याच भेटीत काकूंनी माझ्यासाठी चहा ओतला, स्वतः एक घोट घेतला आणि तोच कप माझ्या हातात दिला. उष्टा चहा! माझा चेहरा पाहून मुलगी म्हणाली, "आमच्याकडे देणारा आधी पितो. विष नाही हे दाखवायला." मी मुकाट्याने प्यायले, पण घरी येऊन चूळ भरलीच.

काकूंचं मन इथे लागेना. त्यांच्या लेकाला मारणारा माणूस शिक्षा भोगून सुटला होता. गावी तेव्हाही तो त्यांचा शेजारी होता आणि आताही होता. लेकाला कुठे पुरलं हे त्यालाच ठाऊक, पण विचारलं की म्हणायचा, आठवत नाही. इकडे येण्याआधी काकू तरी त्याच्या अंगणात जाऊन बसायच्या, त्याने चाखून दिलेली केळ्याची बिअर प्यायच्या.

"आमच्याकडे आता रस्ते चकचकीत आहेत, गावात दवाखाना आहे," मुलगी कडवटपणे म्हणायची. "फक्त माझा भाऊ सापडत नाही."

"ग्रीन कार्ड करून आईला इथेच ठेव म्हणावं तिला. सिंपल आहे यार," माझा नवरा म्हणाला. त्याला सगळंच सिंपल वाटतं.

काकू परत गेल्याच. त्यांना लेकाची हाडं हवी होती, धुऊन नीट पुरायला. पुढे तो म्हातारा अंथरुणाला खिळला. त्याच्या मुलांनी पाठ फिरवली, तेव्हा काकू रोज त्याला सूप भरवू लागल्या. बोलेपर्यंत तरी तो जगायला हवा होता. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कुणाच्या तोंडात घास घालायची वेळ यावी एखाद्या आईवर!

मार्चमध्ये मी दारातला बर्फ उपसत होते, तेव्हा शेजारीण बाहेर आली. म्हातारा काहीच न सांगता मेला होता.

"त्याला पुरताना आईने हंबरडा फोडला," ती म्हणाली. "काही केल्या उठेना. आता गावच्या सभेत सांगतात, क्षमा करावी तर हिच्यासारखी."