सरुबाईची एकतीस पानं

रूपाली कांबळेचं मशीन सकाळी चालू करायचं म्हणजे बटण दाबून दुसऱ्या कामाला लागायचं. चहा व्हायचा, पिऊन व्हायचा, कप विसळून पालथा पडायचा, तेव्हा कुठं कॉम्प्युटरचा पडदा उजळायचा. मशीन आधीच कुणीतरी वापरून टाकलेलं, त्यावर हिची सहा वर्षं. "तुझं मशीन आन् माझं गुडघं एका वयाचं दिसत्यात," असं तिची आई सरुबाई म्हणायची.

आता २००६ साल होतं आणि सरुबाई जाऊन सात महिने झाले होते.

रूपालीचा धंदा मराठी टायपिंगचा. राजारामपुरीच्या एका गल्लीत मायलेकी दोघीच राहत, आणि वकिलांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार असलं सगळं घरी येई. हे काम तिला बाळासोनं शिकवलं. बाळासो लग्नपत्रिका छापायचा. त्यानं पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "मजकूर वाचायचा न्हाय, उतरवायचा. वाचाय लागलीस की चुकलीस." पोरीनं ते अंगी बाणवलं. घटस्फोटाचा अर्ज असो की वारसाचा दावा, कान ऐकत, बोटं चालत आणि मधलं डोकं रिकामं राही. धंद्याला ते चांगलंच. पण सवय काही कामाच्या वेळा बघून येत नाही.

सरुबाईनं इचलकरंजीत बावीस वर्षं मागांसाठी सुताच्या कांड्या भरल्या. सही करायला शिकली ती पन्नाशीत. शेवटच्या वर्षी तिनं हट्टच धरला, की माझी कहाणी लिहून काढ आणि विहारात वाट. ती खाटेवर बसून सांगे, रूपाली उतरवी. मशीन मध्येच अडकायचं, पडदा गोठायचा. रूपालीची बोटं मात्र थांबत नसत. आई बोलेल ते टाईप होत राही, आणि थोड्या वेळानं साठलेली अक्षरं भसाभसा पडद्यावर उतरत. अशी एकतीस पानं झाली. रूपालीनं त्यातलं एकही परत वाचलं नाही.

आई गेली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, रड बाई, मोकळी हो. रूपालीची रडायला काही ना नव्हती. येत नव्हतं एवढंच. पाचव्या दिवशी तिनं कुणाचातरी वारसनोंदीचा अर्ज टाईप करून दिला, त्यात एक चूक नव्हती.

वर्षदिनाला वाटायची म्हणून तिनं छापण्यासाठी ती फाईल उघडली. मशीन तिसऱ्या पानावर अडकलं ते अडकलंच. मग तिनं गुंडूमामाला बोलावलं. हा जुना रेडिओ मेकॅनिक. रेडिओ बंद पडत गेले तसा कॉम्प्युटरच्या पोटात हात घालू लागला. त्यानं झाकण काढलं, धूळ फुंकली आणि निकाल दिला, की आत कचराच लई झालाय, सगळं पुसून नवं टाकतो, घोड्यागत पळंल. फायली तेवढ्या सीडीवर काढून घेतल्या. आणखी काही ठेवायचं आहे का, असंही त्यानं विचारलं. रूपाली नाही म्हणाली.

दोन दिवसांनी मशीन परत आलं. चहाला उकळी फुटायच्या आत पडदा उजळला. तिनं आईची फाईल उघडली, तर पानभर नुसती इंग्रजी अक्षरं, अर्थ ना आकार.

मराठी अक्षरं फॉन्टमुळं दिसतात. फॉन्ट गेला की खाली उरते ती दाबलेली इंग्रजी बटणं. रूपालीला हे पुरतं ठाऊक होतं. त्या वेळी आठवलं नाही. या सात महिन्यांत तिला बरंच काही वेळेवर आठवत नव्हतं. आणि हा फॉन्ट साधा नव्हता. बाळासोनं तो स्वतःच्या सोयीनं फिरवून घेतलेला, दुसरीकडं कुठंच नसलेला. बाळासो वारला, दुकान गेलं, आणि तिच्याकडच्या फ्लॉपीला पांढरी बुरशी आली होती.

गुंडूमामानं दुसरे चार फॉन्ट लावून बघितले. अक्षरं मराठी दिसायची, शब्द मात्र एकही लागेना. मामाचा चेहरा पडला. "फॉन्टचं मीच इचारायला पायजे हुतं, पोरी," तो म्हणाला. रूपालीनं राग येतोय का म्हणून थोडी वाट पाहिली. आला नाही. तिनं मामाला चहा दिला.

तो गेल्यावर ती त्या इंग्रजी अक्षरांपुढं बसून राहिली. ई, के, एक्स. उगाच तिची बोटं त्या बटणांवर गेली. ई म्हणजे म, के म्हणजे काना, एक्स म्हणजे ग. माग. डोळ्यांना न लागलेला शब्द बोटांना लागला होता.

मग रोज दुपारी ती तशीच बसू लागली. एकेक बटण चाचपायचं, अक्षर तोंडानं म्हणायचं, वहीत लिहायचं. तासाला अर्धं पान. या कामात डोकं रिकामं ठेवून चालत नव्हतं. मागाच्या पहिल्या खात्यातला मुकादम, कापसाच्या धुरळ्यानं लागलेला खोकला, डब्यातली मिरची वाटून खाणारी महादेवी, हे सगळं तिनंच टाईप केलेलं, आणि ती ते पहिल्यांदा ऐकत होती.

एकोणिसाव्या पानावर, कांड्यांच्या गोष्टीच्या मधोमध, एक वाक्य त्या गोष्टीतलं नव्हतं. मशीन अडकलेलं असताना सरुबाई बोलली असणार, आणि लेकीनं तेही इमानानं उतरवलं होतं. रूपालीनं बटणं चाचपत ते अक्षर अक्षर जुळवलं.

"रूपे, मशीन हाय तसंच हळू ऱ्हाऊ दे. ते पळाय लागलं की तू उठून जाशील."

तिनं ते दोनदा वाचलं. आई दोन हातांवर बसून हे बोलली होती आणि तिला ऐकू आलं नव्हतं. सात महिन्यांनी रूपाली रडली, तोंडावर पदर न घेता, आवाज काढून.

बाहेर वकिलाचा माणूस प्रतिज्ञापत्र न्यायला आला होता. तो कडी वाजवत राहिला. ती उठली नाही.