जाळीच्या पोटातले कोंब

टोकावड्याच्या वरच्या उतारावर शेवटचं घर बाईजाकाकूंचं. नवरा गेला, शेत पुतण्या कसतो. मुलगा संदेश कल्याणला नोकरीला. तो दर उन्हाळ्यात न्यायला येतो आणि काकू म्हणतात, "करवंदं हायेत रे अजून. मंग बघू." इथं राहायला तेवढंच एक निमित्त त्यांच्या हातात उरलेलं.

अलीकडे सांबरं फार वाढली. करवंदीचा शेंडा खाल्ला की बाजूनं दोन आखूड कोंब येतात, तेही खाल्ले की चार. ऐसपैस लोंबणाऱ्या जाळ्यांच्या अशा उपड्या टोपल्या झाल्या. गच्च, नुसते काटे, फळ नाही. वाचली ती विहिरीमागची एकच. सांबरं खात राहिली तशी ती आडवी इतकी रुंदावली, की सांबराचं तोंड मध्यापर्यंत पोचेना. तिच्या पोटातले कोंब सरळ वर निघून गेले आणि फळले. काकू डोक्यावर गोणपाट घेऊन आत शिरत, आकडीनं फांद्या वाकवत. हात सोलवटून निघत.

होळीला आलेल्या संदेशला ते हात बघवले नाहीत. काकू म्हशाच्या बाजाराला गेल्या होत्या तेव्हा त्यानं कोयत्यानं जाळीची सगळी काटेरी कड छाटून टाकली.

"आता उभ्या उभ्या काढ, आई."

"माझं कुंपनच पाडलंस की रे."

"काटेच तर होते."

आठवड्याभरात सांबरांनी मधले कोंब हिरव्या करवंदांसकट ओरबाडले. खुंट उरले.

मे महिन्यात संदेश परत आला. "आता कशाला थांबतेस, आई?" त्यानं हळूच विचारलं. काकूंनी बोचकं बांधायला घेतलं.

निघायच्या सकाळी घराला कुलूप लागलं, पण काकू कुठं दिसेनात. मी शेजारीण, मला ठिकाण ठाऊक होतं. विहिरीमागं त्या छाटलेले काटे खुंटांभोवती पुन्हा रचत होत्या.

"काकू, वाळलेत ते. सांबर एका धक्क्यात सारील."

"ठाव हाय गो." त्यांनी आणखी एक डहाळी दाबून बसवली. "पन हिरवं वर निघस्तोवर राखन कोन करंल? तू करशील?"

मी वाकून पाहिलं. खुंटाला बोटभर नवा कोंब फुटला होता. त्याचाही शेंडा खुडलेला होता, आणि जखम अजून ओली होती.

खालून एसटीचा हॉर्न वाजला. संदेशनं हाक मारली. काकूंनी रक्ताळलेले हात पुसलेसुद्धा नाहीत, पुढचा काटा उचलला.