मधू लेले आणि चैत्रातली डाळ

मी हे लिहावं की नाही, याचा संकोच अजून गेलेला नाही. मधुसूदन लेले याच्यावर लिहायला माझ्याहून जवळची आणि माझ्याहून चांगलं लिहिणारी माणसं पार्ल्यात पुष्कळ आहेत. मी परीक्षेचे पेपर सोडले तर आजवर काही लिहिलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर आहेत, आणि जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत छापील कागद येतो तो बहुधा वाण्याच्या पुडीचा. तेव्हा चुकलंमाकलं वाचकांनी सांभाळून घ्यावं. आणखी एक अडचण आहे. मित्र गेल्यावर लिहायचं तर मन प्रेमाने भरलेलं असावं. माझ्या मनात मधूविषयी प्रेम होतं, पण त्याच्यापेक्षा हेवा जास्त होता. तो जाऊन काही आठवडे झाले. हेवा मात्र जागच्या जागी आहे...

पहिल्या वर्षाला आम्ही दोघं तर्कशास्त्राच्या तासाला शेजारी बसायचो. मी पहिल्या बाकावर बसायचो, कारण मागून मला नीट ऐकू येईल याची खात्री नव्हती. मधू तिथे बसायचा, कारण त्याला उशीर व्हायचा आणि तेवढीच जागा रिकामी असायची. मी सरांचा शब्द न् शब्द उतरून घेत असे. तो पेन्सिल दातांत धरून खिडकीबाहेर बघत असे, आणि सरांनी अचानक काही विचारलं की बरोबर उत्तर देत असे. त्याच्या घरी वडिलांच्या खोलीत भिंतभर पुस्तकं होती. जेवताना बापलेक वाद घालायचे आणि बाप हरला की हसायचा. हे मी प्रथम पाहिलं तेव्हा माझा घास हातातच राहिला. आमच्याकडे वडिलांना उलट उत्तर देणं म्हणजे घर सोडायची तयारी ठेवणं. मधूच्या बुद्धीचा हेवा मी कसाबसा गिळला असता, पण त्या जेवणाच्या पंगतीचा हेवा कधी गिळता आला नाही.

त्या घराशी माझा दुसराही एक धागा होता. माझी सुंदरमावशी पार्ल्यातल्या चार घरी वाटण-कांडण, पापड-कुरडया करायला जायची. लेल्यांचं घर त्यांतलंच एक. मावशीला नवरा नाही, मूल नाही. ती आमच्यातच राहते. मी मॅट्रिक झालो तेव्हा वडिलांनी मला गिरणीत त्यांच्या खात्यात चिकटवायचं ठरवलं होतं. मावशीने पदर खोचून सांगितलं, "पोरगो शिकतलो. माझे हात आसत ना?" तेव्हा तिची ती चार घरं म्हणजे माझं कॉलेज, इतका सरळ हिशेब होता. मधूला हे माहीत होतं. त्याने त्याचा कधी उल्लेख केला नाही, याचाही मला राग यायचा.

परीक्षा तोंडावर आली होती आणि चैत्र लागला होता. लेल्यांकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. त्या वर्षी स्टेशनच्या बाजूला नव्या इमारती झाल्या होत्या, मधूच्या आईने त्या सगळ्या बायकांना आमंत्रण दिलं. कैरीची डाळ आणि पन्हं, नेहमीचाच बेत. मावशी सकाळपासून मागच्या पडवीत पाट्यावर डाळ वाटत होती. संध्याकाळी बायका आल्या, गौरीची आरास पाहिली, डाळ खाल्ली, पन्हं प्यायल्या आणि गेल्या. घरी पोचता पोचताच कित्येकींना मळमळू लागलं. कोणाला वाटेतच उलटी झाली, कोणाच्या पोटात पिळवटून आलं. डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर जागा उरली नाही. सुदैवाने कोणाच्या जिवावर बेतलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पार्ल्यात एकच चर्चा होती. उन्हाळ्याचे दिवस, भिजवलेली कच्ची डाळ... आंबली असणार. आणि डाळ कोणी वाटली? जोगेश्वरीच्या त्या बाईने. "तरी मी म्हणत होते, बाहेरचीच्या हातचं कशाला," असंही कोणी म्हणालं. हे वाक्य मावशीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

चारांपैकी तीन घरांनी मावशीला 'सध्या नको' म्हणून सांगितलं. लेल्यांनी काहीच सांगितलं नाही, आणि मावशी स्वतःहून तिथे गेली नाही. ती चुलीपुढे बसून म्हणायची, "डाळ आंबली असती तर माका वास इलो नसतो? इतकी वर्सां वाटतंय मी!" गिरणीत माझ्यासाठी कोणाला तरी शब्द टाकून ठेवावा लागेल, असं वडील एकदा भिंतीकडे बघत बोलले.

मी ठरवलं, आपण शिकलोय, मग त्याचा उपयोग करायचा. सरांनी नुकतीच अन्वय पद्धती शिकवली होती. एकच गोष्ट अनेक ठिकाणी घडली, तर त्या सगळ्या ठिकाणी समान काय होतं ते शोधायचं. जे समान तेच कारण असण्याचा संभव. मी मधूच्या आईकडून आजारी पडलेल्यांची नावं घेतली आणि भर उन्हात दारोदार गेलो. मावशीचं नातं कुणाला सांगितलं नाही. काय खाल्लं होतं, एवढंच विचारलं. दार उघडणारी जवळजवळ प्रत्येक बाई म्हणाली, डाळ. कोणी बत्तासा खाल्ला होता, कोणी नव्हता. कोणी कलिंगडाची फोड घेतली होती, कोणी नव्हती. डाळ मात्र जिकडेतिकडे. चार-पाच घरं राहिली असतील, तोवर मला पुढचं दार वाजवावंसं वाटेना. ज्या विद्येसाठी मावशीने हात झिजवले, तीच विद्या घेऊन मी तिच्यावर आरोप शाबीत करत होतो.

संध्याकाळी मधू मला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर भेटला. कारखान्याकडून भाजक्या बिस्किटांचा वास येत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो सायकल हातात धरून चालत होता. फार रडवेलं वाटू नये म्हणून मी शेवटी एक गंमत सांगितली. "साठेकाकूंचं तर ऐकलंस का? त्यांची संकष्टी होती. उपासाला डाळ चालत नाही म्हणून द्रोण पदराखाली धरून घरी नेला. तर काकू मला म्हणतात, 'आमचे हे सगळी डाळ चाटूनपुसून खाऊन ढेकर देत बसले होते रे, आणि मी मोरीत ओकत होते!' काय नशीब बघ एकेकाचं..."

मधू थांबला. "काय म्हणालास?"

"काकूंचे यजमान—"

"ते नाही रे. काकूंनी डाळ खाल्लीच नाही?"

"कशी खाणार? संकष्टी होती."

"अरे गाढवा," तो म्हणाला, "दिवसभर सगळ्यांना काय खाल्लं ते विचारत हिंडलास. काय नाही खाल्लं, ते कोण विचारणार?"

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. गाढव या शब्दाचं मला काही नव्हतं. आम्ही एकमेकांना त्याहून वाईट हाका मारायचो. पण ती गोष्ट माझ्या तोंडात होती! मी ती उन्हातून चालत जाऊन मिळवली होती, आणि विनोद म्हणून त्याच्यापुढे टाकली होती. त्याने ती उचलली आणि ती सोन्याची निघाली. व्यतिरेक पद्धती माझ्या वहीत सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलेली होती. जिने डाळ खाल्ली नाही ती आजारी, ज्याने नुसती डाळ खाल्ली तो ठणठणीत. मग डाळ कशी दोषी? मला हे कळायला हवं होतं. नाही कळलं.

मी हट्टाने म्हटलं, "मग काय, पन्हं? ते तर सगळ्याच प्यायल्या. लवकर येऊन गेलेल्या बायकांना कुठे काय झालं? जोशीवहिनी आल्या, दोन पेले प्यायल्या, बऱ्या आहेत."

"उशिरा आलेल्या?"

मी आठवून पाहिलं. आजारी पडलेल्या बहुतेक सगळ्या दिवेलागणीच्या सुमाराला आलेल्या होत्या. नव्या इमारतींमधल्या, घर सापडेपर्यंत उशीर झालेल्या.

"पन्हं एकच रे," मधू म्हणाला, "पण भांडं एकच होतं का?" आणि सायकल वळवून तो घराकडे निघालासुद्धा.

त्याची आई ओटीवर तांदूळ निवडत होती. मधूने उभ्या उभ्या विचारलं, "आई, परवा पन्हं कशात होतं?"

"बरणीत. का रे?"

"सगळं?"

"सगळं कसं मावेल? बरणी संपल्यावर मोठ्या पातेल्यातलं काढलं. दुपारीच कालवून ठेवलं होतं."

"कुठलं मोठं पातेलं?"

"अरे ते नाही का, लाडवांचं. पितळेचं."

मधू शिडी लावून माळ्यावर चढला आणि पातेलं खाली उजेडात आणून ठेवलं. आतून ते इतकं लखलखत होतं की आमची तोंडं त्यात दिसत होती. पिवळंधमक.

"आई, आतून पांढरं हवं ना हे?"

"वर्षभर माळ्यावर काळं पडलेलं. चिंच आणि वाळू घेऊन दोन तास घासलंय मी स्वतः," ती जरा अभिमानानेच म्हणाली. "पिवळं नाही तर काय..." आणि मध्येच थांबली.

आमच्याकडे कोणत्याही बाईला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल की पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, विषासारखं बाधतं, आतून कथलाची कल्हई हवीच. त्यांच्या रोजच्या भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई होत असे. पण या पातेल्यात कधी लाडू आणि चिवडा सोडून काही पडलंच नव्हतं, त्यामुळे कल्हईवाल्यापुढे ते कित्येक वर्षांत गेलं नव्हतं. जी काही जुनी कल्हई होती ती घासून घासून गेली. त्या वर्षी बायका जास्त, बरणी अपुरी, म्हणून कैरीचं पन्हं दुपारपासून त्या पितळेत उभं राहिलं. मागाहून बायका म्हणाल्या, पन्हं जरा उग्र लागलं होतं खरं. पण हळदीकुंकवाला कोणी असं बोलतं का? त्यांना वाटलं, केशर जास्त झालं असेल.

मधूची आई पाटावर बसली आणि म्हणाली, "सख्ख्या आईला गुन्हेगार ठरवलंस, झालं समाधान?"

"गुन्हेगार तू नाहीस गं. पातेलं आहे," मधू म्हणाला. "पण लोकांना तू सांगणार की मी सांगू? तिकडे सुंदरमावशींची कामं गेलीत."

मी दाराशी उभा होतो. माझ्या मनात आलं ते मावशीच्या सुटकेचं नव्हतं. आलं ते असं, की खरं बोलणं याला किती स्वस्त पडतं! मी माझ्या आईच्या हातून असं काही झालेलं शोधलं असतं तर ओठ शिवून बसलो असतो. मधूने आईला तोंडावर सांगितलं, आणि पाच मिनिटांत त्या माउलीने त्याच्या पाठीत एक धपाटा घालून लुगडं बदलायला आत धाव घेतली. ती घरोघर गेली. ज्या दारांतून मी खाली मान घालून बाहेर पडलो होतो, त्या दारांत उभं राहून तिने सांगितलं की चूक माझी, डाळ चांगली होती. दुसऱ्या दिवशी ती जोगेश्वरीला आमच्या चाळीत आली. सगळी चाळ दारांत उभी. "सुंदराबाई," ती म्हणाली, "तुमच्या हातची डाळ खाल्ल्याशिवाय मी इथून उठायची नाही." मावशीने रडत रडत डाळ भिजत घातली. ती भिजून, वाटून होईपर्यंत लेलेबाई आमच्या चटईवर बसून राहिली.

त्यानंतर माझ्या घरात मी दुसरा झालो. मधू आला की मावशी डब्यातलं काहीबाही काढायची. लेल्यांचा हा मुलगा आमच्याकडे बसून बांगडा खायचा, काटे चुकवताना घामाघूम व्हायचा आणि म्हणायचा, "मावशी, आईला नका हं सांगू." मावशी त्याच्या ताटातला काटा स्वतः काढून द्यायची. मला कधी काढून दिलेला आठवत नाही. मला काढता येतो, हे तिला माहीत होतं. वडील, जे माझ्याशी आठवड्यात चार वाक्यं बोलत, ते त्याला गिरणीतल्या गमती सांगत. जून महिन्यात सरांनी ही सगळी हकीकत नव्या वर्गाला उदाहरण म्हणून सांगितली, मधूचं नाव घेऊन. दाराबाहेर आम्ही दोघं उभे होतो. मधू सरळ आत गेला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, उपासाची गोष्ट गावडेने शोधली होती. तो उन्हात हिंडला, मी नुसता बोललो." सर म्हणाले, हो का, छान. मला तो मोठेपणा नको होता. मला ती चूक न करणारं डोकं हवं होतं, ती पंगत हवी होती, चुकलेल्या आईला तोंडावर सांगता येईल असं घर हवं होतं... त्याला यांतलं काही मागावं लागलं नव्हतं. आता मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कुठलीही गोष्ट घडली की मी आधी विचारतो, हे कोणाच्या बाबतीत घडलं नाही? त्याच्यामुळे मी विचार करायला शिकलो, असं लोक म्हणतील तर ते खरं आहे. तेही मला टोचतं.

या मे महिन्यात मी गावी गेलो होतो. निघताना मधूला ताप होता. साधा असेल म्हणून मी भेटायलाही थांबलो नाही. आमच्या गावाला पत्र पोचलं तर पोचतं. बोटीने परत आलो, खांद्यावरचा फणस दारात टेकवला, तेव्हा घरात वडील एकटेच होते. सुटीचा वार नव्हता तरी कामावर गेले नव्हते.

"मावशी खंय?"

"लेल्यांकडे गेली. भात आणि पिठलां घेवन."

ते ऐकून मी समजलो. ज्या घरात चूल पेटत नाही, तिथेच शिजलेला भात न्यायचा असतो. मधूचे आजोबा वर्षभर अंथरुणाला खिळलेले होते. मी म्हटलं, "सुटले बिचारे. म्हाताऱ्यांचे फार हाल चालले होते."

वडील उठले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तसा त्यांनी पूर्वी कधी ठेवलेला नव्हता.

"म्हातारो नाय रे," ते म्हणाले. "तुझो मधू."