न धरलेले दोन शब्द

"दॅट डझन्ट काउंट, आय ॲम अफ्रेड," स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाली आणि तिने पेन खाली ठेवलं.

माझी चार वर्षांची सई गालिच्यावर बसली होती. माझ्या हातात प्लास्टिकची गाय होती. ती हवी म्हणून सईने हात पुढे केला आणि म्हणाली, "बाबा, दे."

दोन शब्द. एकापाठोपाठ एक. एरवी ती नुसतं बोटाने दाखवायची. आणि बाईच्या लेखी ते बोलणंच नव्हतं. घरी पुन्हा तुमची भाषा सुरू केलीत का, असं तिने विचारलं. मग म्हणाली, "डॅड, माइंड वेटिंग इन द कार?"

मी "सॉरी" म्हणालो. गाय खाली ठेवली. बाहेर गेलो.

एनएचएस या इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत नंबर लागेना, म्हणून दर शनिवारी बेसिंगस्टोकला या बाईच्या घरी जायचो. खिशातून पैसे भरून. पहिल्याच भेटीत तिने सांगितलं होतं, घरात फक्त इंग्लिश. ऑफिसमध्ये साध्या बदलालाही दहा शंका काढणारा मी. तिथे नुसती मान डोलावली. तिचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं, म्हणून माझी मुलगीही तिला माझ्यापेक्षा जास्त कळते, असं धरून चाललो.

बायको म्हणाली, "अरे, मग झोपवताना काय बोलू तिच्याशी? गुड नाइट म्हणून दिवा बंद करू?" मी तिच्यावर ओरडलो. तेही इंग्लिशमध्ये. नाशिकहून आई व्हिडिओ कॉल करायची. सईशी मराठी नको, म्हटल्यावर हसली. "मलाही लाव की रे त्या बाईची शिकवणी." मग तिचे कॉल कमी झाले. मला बरंच वाटलं. हे लिहिताना लाज वाटते.

जेवताना आम्ही मीटिंगमध्ये बसल्यासारखे बोलायचो. ईट अप. वेल डन. माझ्या इंग्लिशमध्ये सूचना होत्या, लाड नव्हते. ते मला येतच नव्हते. हळूहळू सई माझ्याकडे बघेनाशी झाली. एका घरात तिघं, आणि तिघंही एकटे.

गाडीतून बाईच्या घराला जोडलेली ती काचेची खोली दिसत होती. बाई सईसमोर गाय नाचवत होती. सई दाराकडे बघत होती. हात मांडीवर. तोंड मिटलेलं.

तेव्हा कळलं. मुलीला बोलतं करायला मी पैसे मोजत होतो आणि तिला गप्प करत होतो. सांगितलं बाईने. केलं मी.

बूट न काढता आत गेलो.

"शी सेड टू वर्ड्स. राइट देम डाउन."

बाई समजुतीचं हसली. "डॅड, आय नो धिस इज हार्ड."

"आय ॲम नॉट युवर डॅड," मी म्हणालो. सईला कडेवर घेतलं. "चल बाळा, जाऊ या."

ती काही बोलली नाही. वाटेतही नाही. त्यानंतर कित्येक दिवस नाही. मी रोज मराठीत बोलतो, ती ऐकते की नाही कळत नाही.

तिला मदत लागणार आहे. ते मी नाकारत नाही. दुसरी थेरपिस्ट शोधतोय, पुन्हा पैसे भरीन. पण पहिल्या भेटीतच सांगणार आहे: सई ज्या भाषेत बोलेल, त्या भाषेतला शब्द धरायचा. आणि मी खोलीतच बसणार. कुणी बाहेर जा म्हटलं तरी उठणार नाही.