मागच्या सीटवरचा वास

गाडी जुनीच घेतली होती, पण आमच्या घरातली ती पहिली गाडी. घेतली त्याच महिन्यात मला तिच्यात पेट्रोलचा वास आला. बहीण सीमेपलीकडे गुजरातेत दिलेली. तिला भेटून आई आणि मी नंदुरबारला परतत होतो. आई मागे बसली होती. मी मान वळवून विचारलं, "माय, तुले पेट्रोलना वास येस का?"

"नही रे. कसाना वास?" असं म्हणत तिने काच खाली केली. प्रवासात तिला मळमळतं, म्हणून ती काच उघडी ठेवते, असं मी समजत होतो.

दुसऱ्या कोणाच्या घरी पेट्रोलचा वास म्हणजे गॅरेजची एक खेप. आमच्या घरी तो वास म्हणजे वडील. ते मोलगीच्या घाटात प्रवासी जीप चालवायचे. वरच्या गावांत पंप नव्हता, म्हणून बाजाराच्या दिवशी तिथल्या मोटरसायकलींसाठी पेट्रोलचा कॅन सोबत न्यायचे. एका चढावर जीपने पेट घेतला. चढ लागला की माणसं उतरून चालायची, त्यामुळे बाकी सगळे वाचले. मी तेव्हा शाळेत होतो. त्यांचा उरलेला अर्धा शर्ट आईने बरेच दिवस पेटीत ठेवला होता, आणि कोणी नसताना मी तो हुंगला होता.

म्हणून गाडीतल्या वासाबद्दल मला मोकळेपणाने बोलता येईना. बायकोला घेऊन गावात चक्कर मारली, तिला काही जाणवलं नाही. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून एकेक पाइप चाचपला, बोटं हुंगली आणि म्हणाला, "साहेब, काहीच नही शे. तुमले भास व्हई ऱ्हायना." भास हा शब्द मला फार झोंबला. मी त्याला काहीतरी तिरसट बोलून निघून आलो.

मग रोज सकाळी अंगणातल्या गाडीभोवती मांजरासारखा हुंगत फिरायला लागलो. शेजारच्या काकू हसायच्या. कधी वास यायचा, कधी अजिबात नाही. नसला की जास्त भीती वाटायची.

दरवर्षी वडिलांच्या तिथीला आई बसने मोलगीकडे जाते आणि वाटेत त्या वळणावर उतरून नारळ फोडते. यंदा तिला आपल्या गाडीतून जायचं होतं. "तेसले गाडी दखाडू," असं ती वडिलांबद्दल आल्यागेल्याला सांगत होती. आणि त्या घाटात, तो वास घेऊन, आईला मागे बसवून न्यायचं माझ्याच्याने होईना. वास खरा असेल तर गाडी पेटणार, आणि खोटा असेल तर माझं डोकं फिरलंय. तिथी जवळ येत होती आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

उलगडा झाला तो पंपावर. पलीकडे पेट्रोल स्वस्त, म्हणून आमच्याकडचा माणूस गुजरातेत गेला की टाकी भरून आल्याशिवाय राहत नाही. भरणंही साधं नाही. नळी आपोआप बंद झाली तरी पंपवाल्याला सोडत नाहीत. गाडी मागून हलवतात, फेस जिरू देतात आणि तोंडाशी पेट्रोल दिसेपर्यंत पुन्हा भरायला लावतात. मीही तेच करायचो. त्या दिवशी गाडी हलवता हलवता माझा हात थांबला. वास नेहमी बहिणीकडून परतताना यायचा. चार-सहा दिवस गाडी फिरली, टाकी थोडी उतरली, की जायचा.

तसाच गॅरेजवर गेलो. आई गाडीतच होती. तिला टायरच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसवलं. गॅरेजवाल्याने या वेळी मागचं चाक काढलं, आतलं प्लास्टिकचं आवरण सोडवलं, आणि टाकीच्या तोंडापासून खाली जाणारा जाड रबरी पाइप बाहेर ओढला. वरच्या बाजूला, वाकवल्याशिवाय दिसणार नाही अशी चीर होती. टाकी तोंडोतोंड भरली तरच पेट्रोल तिथवर पोहोचायचं आणि झिरपायचं. मागच्या सीटच्या अगदी बाजूला.

"हाई दखा," तो म्हणाला. मला इतकं हलकं वाटलं की मी भर दुपारी त्याचा काळा हात धरून हलवला.

आईने तो पाइप मागून घेतला. नाकाशी नेला. मग पदर तोंडाला लावून ती रडायला लागली.

"मले पहिला दिनपासून येस," ती म्हणाली.

"मंग सांगं का बरं नही?"

"कसं सांगू? तुन्हा बाबा गयात तवयपासून मले बठ्ठामाच येस. दूधमा येस, पीठमा येस, उशीमा येस. मले वाटनं, हाऊबी तोच."

इतकी वर्षं आम्ही एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, आणि मला हे माहीत नव्हतं. मी तिच्याशेजारी टायरवर बसून राहिलो. गॅरेजवाला नवा पाइप आणायला गेला.

तिथीला आम्ही घाटात गेलो. टाकी मी अर्धीच भरली होती. वळणावर आईने नारळ फोडला, एक वाटी दगडावर ठेवली, आणि बाजूला होऊन गाडी नीट दिसेल अशी उभी राहिली. मग येऊन मागे बसली. नेहमीसारखी काच खाली केली.

थोडं पुढे आल्यावर तिने विचारलं, "आते तुले वास येस का?"

"नही, माय."

"मन्ही शप्पथ?"

"तुन्ही शप्पथ. जराबी नही."

तिने शेजारच्या सीटवर वाकून एकदा हुंगलं.

"मंग हाऊ तेसनाच शे," ती म्हणाली, आणि तिने काच वरपर्यंत लावून घेतली.