माझी भिंत

नातीने सारवायला शेणमाती कालवली, की त्या ओल्या वासाने मी अजून खोडाळ्याच्या बाजारात जाऊन पोचते.

जव्हारचं संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. तिकडच्याच एका ठेकेदाराने बाजाराच्या कडेला कारवीच्या काठ्यांच्या कुडाची एक खोली उभी केली होती. बाजाराला आलेल्या आम्हा चौघींना तो म्हणाला, "सरकारी घरं बांधायचीत, लिंपायला बाई हवी. सगळ्यांसमोर हात दाखवा. जिची भिंत चांगली, तिला वर्षभर काम."

प्रत्येकीच्या वाट्याला एक भिंत आली. अख्खा बाजार बघायला जमला. शेजारच्या सोमीच्या भिंतीवर बोटांचे ठसे राहतायत हे हेरून मी माझी भिंत ओल्या तळव्याने तीनदा घोटली. उन्हं चढेपर्यंत खोली लिंपून झाली. ठेकेदार म्हणाला, "निरोप धाडतो."

निरोप कुणालाच आला नाही. पुढच्या बाजाराला त्या खोलीत त्याचंच मिठाचं दुकान लागलं होतं. सोमी माझ्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "तुझीच चांगली झालती."

सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला बरं वाटलं होतं.